ओकिनावातील दीर्घायुष्य

ओकिनावा हा जपानच्या नैर्ऋत्येकडील बेटांचा प्रभाग शंभरी ओलांडलेल्या रहिवाशांच्या मोठ्या प्रमाणामुळे जगभर परिचित झाला. डॉ. माकोतो सुझुकी यांनी १९७५ साली येथील शतायुषी व्यक्तींचा अभ्यास सुरू केला.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पहिल्या काही वर्षांत येथील लोकांना आहारातील सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा रताळ्यांतून मिळत असे. भाताचे प्रमाण कमी होते. मासे व डुकराचे मांस थोडेच, सोबत कारले, सागरी शेवाळ आणि तोफू. पोट आठ दशांश भरले की थांबावे, या प्रथेस ‘हारा हाची बू’ म्हणतात. ‘मोआई’ हे भिशीसारखे गट असून सभासद नियमित भेटतात व अडीअडचणीला एकमेकांस पैसे पुरवतात. वृद्धांचा एकाकीपणा टाळण्यात पैशांपेक्षा या भेटींचाच वाटा मोठा असावा.

या आयुर्मानाचे श्रेय केवळ आनुवंशिकतेस देता येत नाही. ओकिनावा १९७२ पर्यंत अमेरिकेच्या ताब्यात होते. लष्करी तळांबरोबर डबाबंद मांस व हॅम्बर्गर आले, पुढे मोटारींमुळे चालणेही घटले. पुरुषांच्या सरासरी आयुर्मानात १९८५ साली ४७ प्रभागांत पहिला असलेला ओकिनावा २००० साली २६व्या आणि २०२० साली ४३व्या स्थानी गेला. स्त्रियांचे अग्रस्थान २०१० पर्यंत गेले.

शतायुषींच्या वयाबद्दलही काही संशोधक शंका घेतात, कारण १९४५ च्या लढाईत नष्ट झालेल्या कुटुंबनोंदी नंतर नव्याने तयार कराव्या लागल्या.