खाडीकाठची बंदूक: निवड, निगा आणि तालीम

बाळकुम हे ठाण्याच्या उत्तर अंगाचे गाव. कापूरबावडीहून भिवंडीकडे जाणारा जुना आग्रा रस्ता येथून पुढे कशेळीच्या पुलावरून खाडी ओलांडतो. पलीकडे भिवंडी तालुक्यात अंजूर आहे. साष्टीच्या मोहिमेसाठी पेशव्यांकडे पाठपुरावा करणारे गंगाजी नाईक अंजूरकर तेथलेच. खाडीच्या खालच्या अंगाला पोर्तुगिजांनी १७३० मध्ये ठाण्याचा किल्ला बांधायला घेतला. तो पुरा होण्याआधीच १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणे घेतले. पुढच्याच वर्षी पोर्तुगिजांनी ते परत मिळवण्यासाठी चाल केली, पण किल्ल्यातून झालेल्या सततच्या माऱ्याने ती परतवली गेली आणि त्यांचा सेनानी त्यात पडला.

असा मारा सतत चालू ठेवणे त्या काळी सोपे नव्हते. तोड्याच्या, म्हणजे पेटत्या वातीने उडणाऱ्या बंदुकीत शिंगातून मापाची दारू नळीत ओतायची, वर गोळी टाकून गजाने ठासायची, नळीच्या कानाशी रंजक, म्हणजे पेट घेणारी बारीक दारू भरायची, पेटता तोडा पकडीत बसवायचा आणि मग चाप ओढायचा. यातली एक पायरी चुकली तर बार फुसका जाई. दारू जास्त झाली तर नळी फुटून बंदूकवाल्याचाच जीव जाई. जळता तोडा हातात आणि दारूचे शिंग कमरेला, म्हणजे शेजारी उभ्या असलेल्यालाही धोका होताच. चकमकीची बंदूक यापेक्षा लवकर भरता येई आणि तिला पेटता तोडा लागत नसे. मात्र तिला चांगली गार आणि भक्कम कमान लागे. तोड्याची बंदूक गावचा लोहारही दुरुस्त करी, शिवाय तिची लांब नळी दूरचा नेम धरायला सोयीची होती. ज्याला किल्ल्याच्या तटाआडून निवांत नेम धरायचा आहे त्याला ती पुरत असे; मैदानात रांगेत उभे राहून भराभर बार काढणाऱ्याला पुरत नसे. मराठ्यांनी जुनी बंदूक बराच काळ सोडली नाही, याला निव्वळ मागासलेपण म्हणणे अन्यायाचे आहे.

कोकणातल्या दमट हवेत निवडीइतकीच निगा महत्त्वाची होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरच्या दारूखान्याबद्दल स्पष्ट सूचना आहेत. दारूखाना राहत्या घराजवळ नसावा, आणि दर आठवड्याला हवालदाराने दारू, बाण वगैरे बाहेर काढून त्यांना ऊन द्यावे व पुन्हा मोहोर करून ठेवावे, असे त्यात सांगितले आहे. दारू वस्तीपासून दूर ठेवणे, ठरलेल्या दिवशी तपासणे, एका जबाबदार माणसाच्या हाती सोपवणे ही तत्त्वे आजच्या शस्त्रागारातही तशीच पाळली जातात.

तालमीचा प्रश्न अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ऐरणीवर आला. फ्रेंच पद्धतीने कवायत शिकलेले गारदी हुकुमासरशी एकत्र बार काढत. एकेकट्याचा नेम फारसा अचूक नसलेल्या बंदुकीची उणीव या एकत्र माऱ्याने भरून निघे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर इब्राहिमखानाच्या गारद्यांनी हेच दाखवले. पुढे महादजी शिंद्यांनी युरोपीय सेनानी द बॉयन्यकडून कवायती पलटणी उभ्या करून घेतल्या. बंदूक विकत घेता येते, पण ती चालवणारी रांग घडवायला महिनोन्महिने खर्चावे लागतात, हे महादजींना पुरते उमगले होते.

ठाणे मात्र त्याआधीच, २८ डिसेंबर १७७४ रोजी, इंग्रजांनी जिंकले होते. त्या लढाईत कमोडोर वॉटसन प्राणघातक जखमी झाला. किल्ल्याचा पुढे तुरुंग झाला आणि आजही तेथे ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आहे.

ब्रिटिश काळात बंदुकीचा सामान्य माणसाशी असलेला संबंध कायद्याने ठरू लागला. १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याशिवाय शस्त्र बाळगायला बंदी केली. युरोपियनांना त्यातून सूट होती. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांत या भेदाविरुद्ध वारंवार आवाज उठला. या कायद्याचा रोख अर्जदार कोण आहे, त्याची निष्ठा कोणाशी आहे, यावर होता. त्याला बंदूक चालवता येते का, हे विचारले जात नसे. ही उणीव स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ राहिली.

१९५९ च्या शस्त्र कायद्यात निवडीचा विचार मात्र आला. पिकांच्या रक्षणासाठी प्रथम ठासणीची बंदूक द्यावी, ती पुरेशी नसेल तर गुळगुळीत नळीची द्यावी, असा त्यात भेद आहे. कोकणातल्या शेतकऱ्याच्या घरी रानडुकरांपासून भात राखण्यासाठी असलेली ठासणीची बंदूक याच परंपरेतली. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीसाठी बंदूक घेण्याचे कारण जवळजवळ उरले नाही.

नेमबाजी खेळ म्हणून रुजली ती स्वातंत्र्यानंतरच्या याच काळात. मूळच्या कोकणातल्या मराठी घराण्यातले, लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळणकर यांनी १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल असोसिएशनच्या स्थापनेत पुढाकार घेतला. त्यांच्या नावाची स्पर्धा राष्ट्रीय स्पर्धेची पायरी ठरली. मुंबईत वरळीची रेंज आणि एनसीसी यांतून अंजली भागवत यांच्यासारख्या खेळाडू पुढे आल्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडला. त्याने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हा त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे होत्या.

या खेळात साहित्य शरीराला जुळवून घ्यावे लागते. १० मीटर हवाई रायफलीत ४.५ मिमीचा छर्रा वापरतात. रायफलीचे वजन साडेपाच किलोपर्यंत चालते आणि लक्ष्याच्या मधला ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. दस्त्याची लांबी, गालाचा टेकू आणि जाड जॅकेटचे माप चुकले तर महागडी रायफलही उपयोगाची नाही. नवशिक्याने म्हणून आधी क्लबची रायफल हाताळावी, प्रशिक्षकाकडून उभे राहणे, श्वास आणि चाप दाबणे शिकावे, गोळीविना कोरडा सराव करावा आणि मगच स्वतःची खरेदी करावी. ४.५ मिमी व्यासापर्यंतच्या आणि २० जूलपेक्षा जास्त ऊर्जा नसलेल्या हवाई शस्त्राला परवाना लागत नाही. पण छर्रा डोळा फोडू शकतो. त्यामुळे नळी सुरक्षित दिशेला ठेवणे, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवणे हे नियम तेथेही सुटत नाहीत.

परवान्याआधी तालीम हा नियम २०१६ च्या शस्त्र नियमांनी आणला. अर्जदाराला सुरक्षित हाताळणी, गोळीबाराची पद्धत, निगा, साठवण आणि वाहतूक शिकवणारा अभ्यासक्रम पूर्ण करून तसे प्रमाणपत्र द्यावे लागते. ठाण्यासारख्या आयुक्तालयाच्या हद्दीत, म्हणजे बाळकुमच्या रहिवाशालाही, हा अर्ज पोलीस आयुक्तालयाकडे करावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे केली आणि लग्न-मिरवणुकीत हर्षाने केलेला गोळीबार गुन्हा ठरवून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या.