अंगणवाडी आली कुठून?

"डॉक्टर, दोन वर्षांचा झाला, बोलत नाही," असं तुम्ही सांगता तेव्हा मोबाईल त्याच्याच हातात असतो. जरा मागे चला. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालशिक्षण सुरू केलं. १९५७ मध्ये काम कोसबाडला गेलं. माँटेसरीची साधनं महाग, म्हणून शिंपले, बिया, पानं आली. मुलं शाळेत येईनात, तर शाळाच पाड्यावरच्या अंगणात भरली. बिया वेचताना बोटं वळत, गाण्या-गोष्टींतून बोलणं येई. सरकारची अंगणवाडी त्यानंतरची, १९७५ ची.

आपल्याकडे चिंचोके आहेतच. (तीन वर्षांखालच्यांना मात्र नकोत, घशात अडकतात.) दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर "याचा बापही उशिराच बोलला" म्हणून थांबू नका, आधी कान तपासून घ्या.