डोंगरमाथ्यावरचे बिऱ्हाड

युरोपातल्या एखाद्या जुन्या शहरात दोन खोल्या भाड्याने घेऊन आठवडाभर राहून आलेली मंडळी हल्ली पुष्कळ भेटतात. तिथला दगडी जिना, उतरते छप्पर, खिडकीखालची फुले यांचे वर्णन ती रंगून करू लागली की मला हटकून माथेरान आठवते. कर्जत तालुक्यातल्या या डोंगरावर साहेबाने तेच करून पाहिले होते. आपल्या मुलखातले घर परक्या रानात उभे करावे आणि चार दिवस का होईना, मुंबईचा उकाडा विसरावा! पुढे ती घरे भाड्याने मिळू लागली. साहेब गेला, हवापालटाची वहिवाट मात्र आपण सोडली नाही.

मीही दिवाळी आटोपली की तेथे एका जुन्या बंगल्यातल्या दोन खोल्या घेतो. जांभ्या दगडाच्या भिंती, पुढे ऐसपैस व्हरांडा, उंच आढे. स्वयंपाकघर तेवढे मुख्य घरापासून तोडलेले, पार मागे. ताट झाकून आणावे लागते, नाहीतर वाटेतच वानरांचा नैवेद्य व्हायचा. पहिल्या दिवशी आमच्या घरच्या मंडळींनी या व्यवस्थेवर सडकून टीका केली. पण मला तो नकाशाच एखाद्या जुन्या कागदासारखा वाचता येतो. साहेबाला जेवण गरम हवे होते. धूर आणि धूर सोसणारा माणूस, दोन्ही नजरेआड हवे होते.

ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याचा तळ १८५० च्या मे महिन्यात चौक गावी होता. चौक आज खालापूर तालुक्यात येते. तेथून तो हा डोंगर चढला, हवेवर लुब्ध झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पुन्हा येऊन राहिला. त्याने बांधलेले 'बाइक' हे इथल्या अगदी पहिल्या बंगल्यांपैकी एक. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन याची मर्जी बसली आणि मग काय, बड्या साहेबांची रीघ लागली. याला पुस्तकांतून 'माथेरानचा शोध' म्हणतात. धनगर, ठाकूर आणि कातकरी या रानात पूर्वीपासून वावरत होते, डोंगराला चांगले अर्थपूर्ण मराठी नाव होते. मग हरवले होते ते काय? डॉ. स्मिथ यांनी १८७१ मध्ये या डोंगरावर एक पुस्तक लिहिले. त्याच्या नावात आधी माणसे, मग वनस्पती आणि मग प्राणी असा क्रम आहे. निदान त्यांनी माणसे पहिली धरली!

आगगाडी १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आली आणि नेरळ मुंबईच्या टप्प्यात आले. तरी नेरळहून वर जायचे म्हणजे तट्टू, पालखी नाहीतर आपले पाय. पाहुणा पालखीत बसे. त्याच्या ट्रंका, वळकट्या, काचसामान यांचे ओझे खालच्या गावांतली माणसे वाहत. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी वडिलांच्या पैशावर दोन फुटी रुळांची चिमुकली गाडी डोंगरावर नेली ती १९०७ मध्ये. तिच्यामुळे मध्यम स्थितीतली कुटुंबेही येऊ लागली, आणि बंगल्यांचे बिऱ्हाड झाले. मोटारींना मात्र दस्तुरीपाशी थांबावे लागते ते आजही. त्यामुळे येथे शांतता आहे, हे खरे; पण ती शांतता कोणाच्या तरी खांद्यावर उभी राहिली, हेही तितकेच खरे. माणसाने माणसाला ओढण्याची हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करावी असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो २०२५ च्या ऑगस्टमध्ये. मॅलेटपासून मोजले तर पाऊणे दोनशे वर्षे!

याच गावात १९१२ मध्ये एका नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म झाला. ज्या गावात पाहुण्यांच्या सोयीसाठी माणसे राबत, तेथला हा मुलगा वकील झाला, नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला. पुस्तकांत आणि कोर्टात सुखाने आयुष्य गेले असते. पण भाई खाली उतरले. आसपासच्या खेड्यांत त्यांनी शाळा काढल्या, सावकाराच्या तावडीतून कुळे सुटावीत म्हणून धान्यकोठ्या उघडल्या.

रात्री जेवणे झाली की आम्ही पश्चिमेच्या कड्यावर जाऊन दूरवर मुंबईकडचे दिवे पाहतो. मुले ते मोजू लागतात आणि थकतात. मी त्यांना सांगतो की, मुंबईत पाण्यावरची वीज पहिल्यांदा गेली ती आपल्याच शेजारून. खोपोलीच्या वीजघरातून १९१५ पासून आणि भिवपुरीच्या वीजघरातून १९२२ पासून. डोंगरावर साठवलेले पावसाचे पाणी खाली सोडून ती काढली. त्यासाठी बांधलेली धरणे पलीकडे घाटावर आहेत. आणि १९४२ च्या शेवटच्या महिन्यांत याच मुंबईकडे जाणाऱ्या तारांचे मनोरे भाई कोतवालांच्या 'आझाद दस्त्या'ने पाडले. सरकारने त्यांच्यावर बक्षीस लावले. दस्ता मुरबाडकडे सिद्धगडाच्या जंगलात गेला. तेथे २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांनी त्यांना गाठले. गोळीबारात हिराजी पाटील पडले, आणि भाई कोतवालही. ते तीस वर्षांचे होते.