मंगळवारच्या जेवणाची कुळकथा

रोटरी क्लबाची साप्ताहिक सभा म्हटलं की पांढरं टेबल, घंटा, पाहुण्याची ओळख आणि घड्याळाकडे लक्ष ठेवून आटोपलेलं भाषण डोळ्यांपुढे येतं. या प्रथेच्या जन्मवेळी मात्र ताट नव्हतंच. २३ फेब्रुवारी १९०५च्या संध्याकाळी शिकागोच्या युनिटी बिल्डिंगमधल्या ७११ क्रमांकाच्या खोलीत चौघं जमले: वकील पॉल हॅरिस, कोळशाचे व्यापारी सिल्व्हेस्टर शील, खाण अभियंता गस्टाव्हस लोअर आणि शिंपीकामाचा धंदा करणारे हायरम शोरी. हॅरिस आणि शील बाहेर जेवूनच तिथे आले होते. सभा आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरायची, म्हणून नाव रोटरी. सभासद वाढले, कचेऱ्या अपुऱ्या पडल्या आणि मंडळी हॉटेलांकडे वळली. दर आठवड्याला भेटण्याचा शिरस्ता पाडला तो १९०९ साली सुरू झालेल्या ओकलंडच्या क्लबाने. अमेरिकी व्यापाऱ्याचं घर पेठेपासून दूर. दुपारी त्याला बाहेर जेवायचंच असे, म्हणून सभा त्या जेवणालाच जोडली गेली. १९१७ साली लायन्स क्लबांची उभारणी करणारे मेल्विन जोन्सही शिकागोतल्या अशाच एका भोजन-मंडळाचे.

भारतात ही रीत कलकत्त्यामार्गे आली, आणि १९२९ साली मुंबईचा क्लब निघाला. त्याची सभा मंगळवारी दुपारी, ताजमहाल हॉटेलात. इथे कुळकथेला दुसरी शाखा फुटते, आणि मला तीच जास्त मोलाची वाटते. कारण एका टेबलाशी बसून जेवणं ही मराठी मुलखात कधीच साधी गोष्ट नव्हती. १८४९ साली मुंबईत निघालेल्या परमहंस सभेत नव्या सभासदाला ख्रिस्त्याने भाजलेला पाव खाऊन दाखवावा लागे. ही सभा गुप्त ठेवावी लागली, आणि सभासदांची नावं फुटल्यावर १८६०च्या सुमारास ती मोडली. १८९०च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं पुढे आली. हजर असलेल्यांची नावं गोपाळराव जोशींनी छापून आणली. त्यांत टिळक होते, रानडे होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, ग्रामण्य झालं, प्रायश्चित्तं झाली. एका कप चहासाठी!

त्यानंतर चाळीस वर्षांच्या आत मुंबईत पारशी, हिंदू, मुसलमान, इंग्रज दर आठवड्याला एकाच टेबलावर जेवू लागले, आणि त्यासाठी कुणाला सभा गुप्त ठेवावी लागली नाही. हे टेबल श्रीमंतांचं होतं हे खरं. ताजची पायरी चढू शकणाऱ्यांनाच तिथे जागा होती, आणि बायकांना सभासदत्व मिळायला १९८९ उजाडावं लागलं. जातीची पंगत मोडली, पैशाची राहिली. सर्वांसाठीची पंगत मांडायचं कष्टाचं काम समाजसुधारक अनंत हरी गद्रे यांच्यासारख्यांनी झुणका-भाकरीच्या सहभोजनांतून केलं. त्यांचं नाव घेतल्याशिवाय ही हकिकत पुरी होत नाही.

मुंबईबाहेर पडल्यावर या प्रथेतलं जेवणच आधी बदललं. तालुक्याच्या गावात दुकानदार दुपारी शटर ओढून घरी जेवायला जातो, डॉक्टरही घरी जातात. त्यामुळे गावोगावच्या सभा बहुधा संध्याकाळी भरतात आणि ताटाची जागा चहा-फराळ घेतो. सभासदत्वाची अट मात्र जास्त अवघड होती. जुन्या नियमानुसार एका व्यवसायाचा एकच प्रतिनिधी घ्यायचा: एक वकील, एक औषधविक्रेता, एक छापखानेवाला. कोयनानगरचं उदाहरण घ्या. ही वसाहत धरण आणि वीजनिर्मितीच्या कामासाठी वसली. पाटबंधारे आणि वीज या दोन खात्यांच्या माणसांतून क्लब उभा करण्याइतके वीस-पंचवीस वेगवेगळे धंदे जमवायचे कुठून? त्याला बाजारपेठ लागते. म्हणून कोयनानगरावरून जाणाऱ्या रस्त्याच्या एका टोकाला कऱ्हाड आणि कुंभार्ली घाट उतरल्यावर चिपळूण, या दोन पेठांत रोटरी रुजली.

२०१६ साली रोटरीने साप्ताहिक सभेची सक्ती सैल केली. आता महिन्यातून दोनदा भेटलं तरी चालतं. नोकरी-धंद्याची ओढाताण पाहता ते समजण्यासारखं आहे. पण सभा कमी करताना जेवणावर काट मारू नये, असं मला मनापासून वाटतं. भाषणं आता मोबाइलवरही ऐकता येतात. शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी माणसाला वाढायला मात्र सभेला जावंच लागतं.