शालेय आरोग्य सेवा व लसीकरण (भारत)

भारतातील शालेय आरोग्य सेवा म्हणजे शासकीय व शासन अनुदानित शाळांतील विद्यार्थ्यांची आरोग्य तपासणी, लसीकरण, पूरक औषधोपचार आणि आरोग्यशिक्षण यांसाठी राबवल्या जाणाऱ्या सार्वजनिक योजनांचा समूह होय. आरोग्य व शिक्षण हे दोन विभाग या योजना संयुक्तपणे चालवतात. बाळाच्या पहिल्या दोन वर्षांत बहुतेक लसी अंगणवाडी, उपकेंद्र किंवा रुग्णालयात दिल्या जातात. त्यानंतर मूल आणि लसीकरण सत्र यांचा नियमित संबंध सुटतो. पाच, दहा व सोळा वर्षे वयाच्या मात्रा त्यामुळे राहून जाण्याची शक्यता असते. एकाच वयोगटातील मुले एकत्र भेटण्याचे ठिकाण म्हणून शाळेला या टप्प्यावर महत्त्व येते.

इतिहास

बडोदा संस्थानात महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या कारकिर्दीत १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्यात आले. १९०९ मध्ये बडोदा शहरात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. भारतातील शालेय आरोग्य सेवेचा आरंभ या तपासणीपासून मानला जातो.

१९४६ च्या भोर समितीच्या अहवालात देशात शालेय आरोग्य सेवा जवळपास नाहीत आणि जेथे आहेत तेथे त्या अविकसित आहेत, असा निष्कर्ष नोंदवण्यात आला. १९५३ मध्ये माध्यमिक शिक्षण आयोगाने विद्यार्थ्यांची वैद्यकीय तपासणी व शालेय आहार यांवर भर दिला. १९६० मध्ये केंद्र शासनाने रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्य समिती नेमली. तिचा अहवाल १९६१ मध्ये सादर झाला.

लसीकरणाची व्यवस्था स्वतंत्रपणे वाढत गेली. १९७८ मध्ये विस्तारित लसीकरण कार्यक्रम आणि १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. या कार्यक्रमांचा मुख्य भर अर्भके व गरोदर स्त्रिया यांच्यावर होता. शाळकरी वयातील वर्धक मात्रा वेळापत्रकात असल्या, तरी त्या चुकलेल्या मुलांचा शोध घेणे अवघड राहिले.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम

फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर (तेव्हा ठाणे जिल्हा) येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणे हा त्याचा उद्देश आहे. तपासणीचे चार गट आहेत:

* जन्मजात दोष: दुभंगलेले ओठ व टाळू, वाकडे पाऊल, जन्मजात हृदयरोग, मोतीबिंदू, बहिरेपणा इत्यादी
* बालपणातील आजार: त्वचारोग, कान फुटणे, संधिवातजन्य हृदयरोग, दातांची कीड, आकडी इत्यादी
* कमतरता: रक्तक्षय, अ व ड जीवनसत्त्वांची कमतरता, तीव्र कुपोषण, गलगंड
* विकासातील विलंब व अपंगत्व: दृष्टिदोष, श्रवणदोष, वाचादोष, अध्ययन अक्षमता इत्यादी

तालुका पातळीवरील फिरत्या पथकात आयुष शाखेचे एक पुरुष व एक स्त्री वैद्यकीय अधिकारी, एक परिचारिका किंवा आरोग्यसेविका आणि एक औषधनिर्माता असतात. पथक अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा व शाळांना एकदा भेट देते. उंची, वजन, दृष्टी, दात, त्वचा व हृदयाचे ठोके तपासून किरकोळ आजारांवर शाळेतच उपचार केले जातात. इतर मुलांना प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय किंवा जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. कार्यक्रमात समाविष्ट असलेल्या आजारांवरील उपचार, शस्त्रक्रियेसह, विनामूल्य आहेत.

पूरक उपक्रम

साप्ताहिक लोह व फॉलिक आम्ल योजनेत विद्यार्थ्यांना आठवड्यातील ठरलेल्या दिवशी शिक्षकांसमोर गोळी दिली जाते. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांची गोळी गुलाबी, तर किशोरवयीनांची निळी असते. उपाशीपोटी मळमळ होऊ नये म्हणून ती जेवणानंतर घेण्यास सांगतात. २०१५ पासून १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो आणि दोन वर्षांवरील मुलांना ४०० मिलिग्रॅम अल्बेंडाझोलची गोळी चावून खाण्यास दिली जाते. आयुष्मान भारत योजनेतील शालेय आरोग्य उपक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे.

शाळकरी वयातील लसी

* ५ ते ६ वर्षे: घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात (त्रिगुणी) लसीची दुसरी वर्धक मात्रा
* १० वर्षे: धनुर्वात व घटसर्प (टीडी) लस
* १६ वर्षे: टीडी लस

दहाव्या व सोळाव्या वर्षी पूर्वी केवळ धनुर्वात प्रतिबंधक (टीटी) लस दिली जात असे. अर्भकावस्थेत मिळालेली घटसर्पविरोधी प्रतिकारशक्ती वयानुसार क्षीण होते आणि मोठ्या मुलांनाही हा आजार होऊ शकतो. या कारणाने टीटीच्या जागी टीडी लस आणण्यात आली. दहा व सोळा वर्षे ही वये साधारणतः पाचवी व दहावीच्या वर्गांशी जुळतात.

लसीकरण सत्राची पद्धत

सत्रापूर्वी आरोग्यसेविका व मुख्याध्यापक वर्गनिहाय पटसंख्येवरून लागणाऱ्या मात्रांचा अंदाज घेतात. पालकांना माहितीपत्र पाठवले जाते. लस २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात शीतपेटीतून आणली जाते. गोवर-रुबेला लस भुकटीच्या स्वरूपात असते. ती द्रावणात मिसळल्यानंतर चार तासांच्या आत वापरावी लागते. त्यानंतर उरलेली लस वापरता येत नाही. एकदा वापरल्यावर आपोआप निकामी होणाऱ्या सिरिंजा वापरल्या जातात.

लस दिल्यानंतर मुलांना अर्धा तास निरीक्षणाखाली ठेवले जाते. तीव्र ॲलर्जीची प्रतिक्रिया क्वचित उद्भवते, परंतु तिच्यासाठी ॲड्रेनॅलिन इंजेक्शन सत्रस्थळी ठेवणे आवश्यक असते. किशोरवयीनांत सुईच्या भीतीने चक्कर येणे अधिक आढळते. एकाला चक्कर आलेली पाहून रांगेतील इतरांनाही तसाच त्रास होऊ शकतो. म्हणून प्रतीक्षा, लसीकरण व निरीक्षण यांसाठी वेगळ्या जागा ठेवतात आणि मुले उपाशी नाहीत याची खात्री करतात. गैरहजर विद्यार्थ्यांची यादी करून त्यांना पुढील सत्रात बोलावले जाते.

प्रमुख मोहिमा

गोवर-रुबेला मोहीम फेब्रुवारी २०१७ मध्ये गोवा, कर्नाटक, तमिळनाडू, पुदुच्चेरी व लक्षद्वीप येथे सुरू झाली. महाराष्ट्रात तिचा प्रारंभ नोव्हेंबर २०१८ मध्ये झाला. नऊ महिने ते पंधरा वर्षांखालील सर्व मुलांना, पूर्वी लस मिळाली असली तरी, एक अतिरिक्त मात्रा देण्यात आली. लक्ष्यगटात शाळकरी मुलांचे प्रमाण मोठे असल्याने मोहिमेची सुरुवात शाळांपासून करण्यात आली.

कोविड-१९ साथीत १५ ते १८ वर्षे वयोगटाचे लसीकरण ३ जानेवारी २०२२ रोजी, तर १२ ते १४ वर्षे वयोगटाचे १६ मार्च २०२२ रोजी सुरू झाले. अनेक ठिकाणी शाळा व कनिष्ठ महाविद्यालयांत सत्रे घेण्यात आली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूविरुद्धची लस सिक्कीमने २०१८ मध्ये मुख्यतः शाळांमार्फत मुलींना दिली.

पालकांची संमती

शाळेतील लसीकरणाबाबत सर्वाधिक वाद संमतीच्या प्रश्नावर झाले आहेत. आंध्र प्रदेशातील खम्मम (आता तेलंगणात) व गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत २००९ मध्ये एचपीव्ही लसीचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. काही मुलींच्या मृत्यूंच्या वृत्तांनंतर एप्रिल २०१० मध्ये तो स्थगित करण्यात आला. चौकशीत हे मृत्यू लसीमुळे झाल्याचे आढळले नाही. मात्र संमतीच्या प्रक्रियेत गंभीर त्रुटी आढळल्या. अनेक अर्जांवर पालकांऐवजी वसतिगृहांच्या अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या. २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीनेही या प्रकल्पावर कठोर टीका केली.

गोवर-रुबेला मोहिमेच्या वेळी तमिळनाडूसह काही राज्यांत समाजमाध्यमांवरील अफवांमुळे पालकांनी मुलांना शाळेत पाठवण्याचे टाळले. दिल्लीत पालकांच्या संमतीविना लस देण्याचा निर्णय न्यायालयात आव्हानित झाला. जानेवारी २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पालकांची संमती आवश्यक असल्याचे आणि लसीचे लाभ व संभाव्य दुष्परिणाम यांची माहिती त्यांना दिली पाहिजे असे स्पष्ट केले.

या घटनांतून दोन वेगळे प्रश्न पुढे येतात. लस सुरक्षित आहे काय, हा वैद्यकीय प्रश्न आहे. मुलाच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार कोणाचा, हा कायद्याचा व विश्वासाचा प्रश्न आहे. पहिल्याचे उत्तर अनुकूल असले तरी दुसऱ्याकडे दुर्लक्ष झाल्यास मोहीम थांबू शकते. आश्रमशाळा व वसतिगृहांत पालक दूर राहत असल्याने माहिती व संमती मिळवण्यासाठी अधिक वेळ राखून ठेवावा लागतो.

मर्यादा

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची शालेय तपासणी शासकीय व अनुदानित शाळांपुरती आहे. विनाअनुदानित खाजगी शाळांतील विद्यार्थी तिच्या कक्षेत येत नाहीत. शाळाबाह्य मुले, तसेच ऊसतोडणी किंवा वीटभट्टीच्या कामासाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुले पटावरील यादीतून सुटतात. लस चुकण्याचा धोकाही याच मुलांना अधिक असतो. त्यामुळे शालेय सत्रांना वस्ती पातळीवरील सत्रांची जोड आवश्यक ठरते.

वर्षातून एकदाच होणाऱ्या तपासणीचा उपयोग पुढील उपचारांवर अवलंबून असतो. दृष्टिदोष आढळलेल्या मुलाला चष्मा मिळाला नाही, किंवा हृदयरोगाचा संशय असलेले मूल प्रवासखर्च व बुडणारी मजुरी यांमुळे जिल्हा रुग्णालयात पोहोचले नाही, तर दोष नोंदवला जाऊनही तो तसाच राहतो. शिक्षकांवर गोळ्यांचे वाटप, याद्या व अहवाल यांचा अतिरिक्त भार पडतो. तथापि मुलाची सततची गैरहजेरी, फळा न दिसणे किंवा वारंवार थकवा येणे या गोष्टी शिक्षकांच्या रोजच्या पाहण्यात येतात. दोन तपासण्यांच्या दरम्यानची देखरेख त्यामुळे बऱ्याच अंशी त्यांच्यावरच अवलंबून असते.

हेही पहा

* सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम
* राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम
* मध्यान्ह भोजन योजना
* गोवर
* घटसर्प