ज्वालामुखी फुटला म्हणे! कोयनेचा भूकंप आणि कोल्हापूरच्या आठवणी

समोरच्या दोन रांगांत पासष्टीच्या पुढची बरीच मंडळी दिसतायत, म्हणून सुरुवातीलाच सांगतो, की आजच्या विषयाचे खरे जाणकार तुम्ही आहात. मी इतिहासाचा मास्तर. तुमच्यासारख्यांनी सांगितलेलं गेली काही वर्षं वहीत उतरवून घेतोय, आणि त्यातलंच थोडं आज मांडणार आहे.

तारीख आपल्याला माहीतच आहे. ११ डिसेंबर १९६७, सोमवार, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. कोयनानगरजवळ जमीन हादरली. रिश्टर मापनावर साधारण साडेसहा असा आकडा तेव्हा दिला गेला, नंतरच्या अभ्यासांत तो ६.३ धरतात. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, दोन हजारांच्या वर जखमी झाली. कोयनानगरची वसाहत जवळजवळ झोपली. पाटण खोऱ्यातल्या वाड्यावस्त्यांवर दगड-मातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. मुंबईची वीज गेली. सरळ रेषेत नव्वद-पंचाण्णव किलोमीटरवरच्या कोल्हापुरात भिंती फार पडल्या नाहीत, पण सगळं गाव रस्त्यावर आलं.

मी तेव्हा चौथीत होतो, मंगळवार पेठेत. मला आठवतो तो मांडणीवरच्या भांड्यांचा आवाज. आजीला वाटलं मांजर शिरलंय. तिनं अंथरुणातूनच 'हाड' म्हटलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की मांडणीबरोबर भिंतही हलतेय. पुढचं आठवतं ते थेट गल्लीतलं. डिसेंबरची थंडी, माणसं वाकळा अंगावर घेऊन उभी, कुणाच्या कडेवर पोर, एकानं तर घाईत नुसता ट्रंकेचा झाकणाकडचा भाग उचलून आणलेला. गोठ्यातल्या म्हशी ओरडत होत्या. आणि त्या घोळक्यात कुणीतरी ठामपणे म्हणालं, "ज्वालामुखी फुटलाय. पन्हाळ्याच्या मागं."

हे वाक्य एकट्या माझ्या गल्लीतलं असतं, तर मी ते सोडून दिलं असतं. पण वहीत बघतो तर शिवाजी पेठेतल्या एका काकूंनी ते सांगितलं, कसबा बावड्यातल्या एका शेतकऱ्यानं सांगितलं, पाटणकडच्या एका म्हातारबाबांनीही सांगितलं. जागा तेवढी बदलते. कुणाचा ज्वालामुखी पन्हाळ्यामागं, कुणाचा सह्याद्रीच्या कड्यात, कुणाचा थेट धरणाच्या तळाशी. पाटणच्या बाबांचे शब्द जसेच्या तसे सांगतो: "भुई गुरगुरत व्हती वो. आत काय तरी शिजतंय असं वाटायचं. मास्तर म्हनला, असंच आसतंय ज्वालामुखीचं."

आता गंमत बघा. ज्वालामुखी हा शब्द या लोकांकडे आला कुठून? त्यांच्या आजोबांनी भूकंप अनुभवला असता तर शेषानं फणा हलवला असं म्हटलं असतं, आणि १९६७ सालीही तसं म्हणणारे होतेच. ज्वालामुखी आला शाळेतून. भूगोलाच्या पुस्तकात भूकंप आणि ज्वालामुखी हे धडे शेजारी शेजारी असत आणि दख्खनचा काळा दगड लाव्हारसाचा आहे, हेही तिथंच शिकवलं जाई. म्हणजे गल्लीतल्या त्या माणसाचं म्हणणं अडाणीपणाचं मुळीच नव्हतं. थोडं शिकलेल्या माणसानं मिळालेल्या माहितीची घातलेली ती सांगड होती.

आणि अर्धी गोष्ट बरोबरच होती की. आपण लाव्ह्यावरच बसलोय. पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या पुढं डोंगराच्या कुशीत आडव्या पायऱ्या दिसतात ना, एकावर एक, ते लाव्हाचे थर आहेत. वर जांभ्याची टोपी. भूगर्भशास्त्रात या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात, तो शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून हा रस वर आला आणि पसरत गेला. शंकूच्या आकाराचे डोंगर, वर धूर, असं चित्र आपल्याकडं बहुतेक ठिकाणी नव्हतंच. आज उरलेला खडकच पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास भरतो. अंबाबाईचं देऊळ त्याच दगडाचं, रंकाळ्याचे घाट त्याच दगडाचे. पण तो उद्रेक पाहायला माणूस नावाचा प्राणी नव्हता, आणि तो केव्हाच थंड झालाय. १९६७ साली त्यातलं काही जागं झालं नव्हतं.

रंकाळ्याचं नाव निघालं म्हणून जाता जाता. आपल्याकडं जुनी समजूत आहे की रंकाळा आधी दगडाची खाण होता आणि आठव्या-नवव्या शतकात मोठा धरणीकंप होऊन तिथं पाणी भरलं. इंग्रजांच्या काळातल्या लिखाणातही ती उतरलीय. समकालीन पुरावा म्हणाल तर मला एकही भक्कम वाटत नाही. पण हजार वर्षं एक गाव आपल्या तळ्याचा जन्म भूकंपाशी जोडत राहतं, हीसुद्धा एक नोंदच आहे. आणि टाऊन हॉल म्युझियममध्ये ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली ती छोटी काशाची मूर्ती तुम्ही पाहिली असेल, ग्रीकांच्या पोसायडनची. समुद्राचा देव म्हणून आपण ती दाखवतो. ग्रीक लोक त्यालाच भूकंपाचाही देव मानत. असो, फार लांब गेलो.

त्या पहाटे गल्लीत आणखी एक वाक्य फिरत होतं, आणि ते जास्त भीतीचं होतं: "धरण फुटलं." पानशेत फुटून जेमतेम साडेसहा वर्षं झाली होती. १२ जुलै १९६१ला पुण्यात काय झालं, हे कोल्हापुरात घरोघरी माहीत होतं. कोयनेत तर शंभर टीएमसीच्या घरात पाणी मावतं. ते सुटलं तर कराड, सांगली, खाली नरसोबाची वाडी, शिरोळ. शिरोळ तालुक्यातल्या एका बाईंनी मला सांगितलं की त्यांच्या सासऱ्यांनी पहाटेच बैलं सोडली आणि सगळ्यांना उंचवट्यावरच्या देवळात नेऊन बसवलं. दुपारपर्यंत नदीकडं डोळे लावून बसले होते. पाणी आलं नाही.

धरण फुटलं नव्हतं, पण त्याला तडे गेले होते. भिंतीचा उतार जिथं बदलतो त्या उंचीवर, पाण्याच्या बाजूनं आणि उलट्या बाजूनंही. हे धरण १०३ मीटर उंच, आणि रचना करताना भूकंपाचा आडवा धक्का धरला होता गुरुत्वाच्या ०.०५ पट. धरणातल्या यंत्रावर प्रत्यक्षात नोंदला गेला तो ०.६३पर्यंत. म्हणजे दहापटीहून जास्त. तरी ते उभं राहिलं, याचं श्रेय बांधणाऱ्यांना द्यायला हवं. पुढं मागच्या बाजूनं जाड आधारभिंती चढवून ते पक्कं केलं गेलं. पण धक्का इतका कमी का धरला होता? तर दख्खनचं पठार म्हणजे जुनं, स्थिर, इथं मोठा भूकंप होत नाही, असं तेव्हाचं शास्त्र सांगत होतं.

माझ्या वहीतलं तिसरं वाक्य मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. ते कोल्हापूर शहरात कमी ऐकू येतं, कोयना खोऱ्यात जास्त. "पाण्यानं केलं." खोऱ्यातले लोक सांगतात की पाणी साठायला लागल्यापासून, म्हणजे १९६२नंतर, लहान लहान धक्के सुरू झाले. आधी सुरुंग उडवल्यासारखा आवाज यायचा, मग भांडी हलायची. धरणाचं काम चाललेलं, त्यामुळं सुरुवातीला लोकांना खरोखरच सुरुंग वाटले. मग रात्रीही आवाज यायला लागले, तेव्हा शंका आली. १३ सप्टेंबर १९६७ला, मोठ्या धक्क्याच्या तीन महिने आधी, पाचच्या वरचा एक धक्का बसून गेला होता.

आता या तिन्ही वाक्यांना त्या आठवड्यात एकच नाव मिळालं. अफवा. त्यातलं तिसरं सांगणारी माणसं कोण होती बघा. बरीचशी तीच, ज्यांची भातखाचरं आणि देवळं शिवसागराखाली गेली होती. त्यांनी 'पाण्यामुळं' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटायचं, यांचा धरणावर राग आहे, म्हणून बोलतायत. राग होताच. पण रागावलेल्या माणसाची साक्ष आपोआप खोटी ठरत नाही.

शास्त्रज्ञ झोपले होते असंही नाही. परिसरात भूकंपमापक यंत्रं १९६३पासून बसवली होती, आणि खडकवासल्याच्या संशोधन केंद्रातले लोक या धक्क्यांचा माग काढत होते. अमेरिकेत हूव्हर धरणाजवळ १९३०च्या दशकात, चीनमध्ये शिनफेंगच्यांग इथं १९६२ला, आफ्रिकेत करिबाला १९६३ला, ग्रीसमध्ये क्रेमास्ताला १९६६ला असंच काहीसं दिसलं होतं. पण इतका मोठा आणि इतका जीवघेणा प्रसंग कुठंच झाला नव्हता. भूकंपानंतर सरकारनं तज्ज्ञांची समिती नेमली, युनेस्कोची माणसं येऊन गेली, आणि वाद बरीच वर्षं चालला. आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत जलाशयामुळं घडलेल्या भूकंपाचं पहिलं उदाहरण म्हणून कोयनेचं नाव येतं.

ते घडतं कसं, हे थोडक्यात. पाणी भूकंप 'तयार' करत नाही. खोल खडकात आधीच भेगा असतात आणि त्यांवर ताण असतो. जलाशयाचं वजन वाढतं, त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाण्याचा दाब भेगांतून खाली पोचतो, आणि घट्ट दाबून बसलेले दोन पृष्ठभाग सरकायला मोकळे होतात. गेल्या दशकात कोयना परिसरात ३ किलोमीटर खोल छिद्र घेतलं गेलं, कराडच्या प्रयोगशाळेकडून. त्यात दिसलं की लाव्हाचा थर साधारण सव्वा किलोमीटर जाड आहे आणि खाली थेट ग्रॅनाइट. भूकंप होतात ते बहुतेक त्या खालच्या जुन्या खडकात. म्हणजे आमच्या गल्लीतला ज्वालामुखी बिचारा पूर्ण निर्दोष.

मग आठवणींवर किती विसंबायचं? माझा अनुभव असा, की शरीराला काय झालं ते लोक नेमकं सांगतात. आधी काय पडलं, कोण कुठं झोपलं होतं, आवाज कुठल्या बाजूनं आला. वेळ आणि कारण मात्र नंतर भरलं जातं. अनेकजण शपथेवर सांगतात की त्या दिवशी अमावस्या होती. नव्हती. मार्गशीर्षाचा शुक्ल पक्ष होता, पण चंद्र मध्यरात्रीनंतर मावळून गेला होता, त्यामुळं अंधार खरा. काहीजण सांगतात की तासभर हलत होतं. मुख्य धक्का काही सेकंदांचा, पण मागून लहान धक्के येतच राहिले आणि लोक कितीतरी रात्री अंगणात, शेतात, गोणपाटाच्या आडोशाला झोपले. तासभर हा आकडा चुकीचा, भीतीचं माप म्हणून मात्र मी तो खोडत नाही. आणि खोऱ्यातल्या बायकांनी सांगितलेला तो सुरुंगाचा आवाज यंत्रांच्या नोंदींशी आणि शास्त्रज्ञांच्या लिखाणाशी जुळतो. त्यांच्याकडं घड्याळ नव्हतं, कान होते.

एक खंत आहे. कोयनानगरच्या वसाहतीत काय झालं, हे अहवालांत सापडतं, कारण तिथं कर्मचारी होते, हजेरीपट होते. वरच्या वाड्यांवर, धनगर वस्त्यांवर कोण गेलं, कुणाची गुरं गेली, ते सांगणारी माणसं आता थोडी राहिलीयत. तुमच्यापैकी कुणाचं सोयरं त्या बाजूचं असेल तर मला नंतर भेटा. नाव छापणार नाही, नुसतं ऐकायचंय.

आता शेवटचं. १९८५पासून आपल्या जिल्ह्याच्या शिवेवर चांदोलीचं वारणा धरण भरायला लागलं. पुढं धक्क्यांचा मोहरा कोयनेकडून दक्षिणेला वारणेकडं सरकला. १९९३चा डिसेंबर आणि १९९४चा फेब्रुवारी, दोन्ही वेळा पाचच्या वरचे धक्के. त्याआधीच ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारी झालेलं, माणसं धास्तावलेली. मी त्या वेळी शाहूवाडी तालुक्यात एका ओळखीच्या घरी गेलो होतो. अंगणात बाजा टाकून सगळे बसलेले. ज्वालामुखीचं नाव कुणी काढलं नाही. घरातली आजी मला म्हणाली, "मास्तर, धरनात पानी किती हाय ते जरा इचारून सांगा की."