गुडघ्याला आराम कुणी शिकवला?

माझ्या लहानपणी आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत एकच खुर्ची होती. आज जवळपास प्रत्येक सफच्या टोकाला दोन-तीन खुर्च्या दिसतात. उभं राहणं जमत नसेल तर बसून नमाज पढण्याची सवलत धर्मानेच दिली आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या खुर्च्यांवरच्या बुजुर्गांशी बोललं की एकच वाक्य ऐकू येतं, “वंगण संपलंय, आता जपून राहायचं.”

अब्बांनाही चार वर्षांपूर्वी हेच सांगण्यात आलं. जिना टाळा, चालणं कमी करा, आराम करा. अब्बांनी तो सल्ला इतका निष्ठेने पाळला की दीड वर्षात दुखऱ्या पायाची मांडी डोळ्यांना दिसेल इतकी बारीक झाली. फज्रला पायी जाणं बंद झालं. दुखणं मात्र तिथेच राहिलं. तेव्हा मला प्रश्न पडला की हा आरामाचा सल्ला मुळात आला कुठून?

आपल्याकडे वैद्यकाचा इतिहास इब्न सिनापासून सुरू करायची सवय आहे. त्यांनी (९८०–१०३७) ‘अल-कानून फित्-तिब्ब’च्या पहिल्या खंडात रियाजतला, म्हणजे व्यायामाला, आरोग्य टिकवण्याच्या उपायांत मोठी जागा दिली आहे. ज्या ऐच्छिक हालचालीने श्वास खोल आणि जलद होतो ती रियाजत, अशी त्यांची व्याख्या आहे. कुस्ती आणि धावण्यापासून झोपाळ्यावर झुलण्यापर्यंत जड-हलके प्रकार ते सांगतात. युनानीत आजही रियाजत आणि मालिश हे ‘इलाज बित्-तदबीर’चे भाग आहेत. पण एवढ्यावरून “गुडघेदुखीचा इलाज हजार वर्षांपूर्वीच आपल्या किताबात होता” असे जे मेसेज फिरतात, ते मला पटत नाहीत. झिजलेल्या गुडघ्याला कोणता व्यायाम, किती आणि त्याने दुखणं किती कमी होतं, याची मोजदाद त्या काळी शक्यच नव्हती.

आरामाच्या सल्ल्याला शास्त्राचं वजन आलं ते एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये. लंडनच्या गायज हॉस्पिटलचे सर्जन जॉन हिल्टन यांनी १८६० ते १८६२ या काळात विश्रांती आणि वेदना या विषयावर व्याख्यानं दिली. १८६३ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं आणि ते खूप वाचलं गेलं. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस पिढीजात हाडवैद्यांच्या घराण्यातले. आजारी सांध्याला सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती हवी, असा त्यांचा आग्रह होता. पाय हलू नये म्हणून त्यांनी बनवलेली ‘थॉमस स्प्लिंट’ आजही वापरात आहे. त्यांच्या जागी ते बरोबर होते. त्यांच्यासमोर सांध्यांच्या क्षयाचे रुग्ण यायचे आणि क्षयावरचं प्रतिजैविक यायला अजून बरीच दशकं होती. मला वाटतं, चूक पुढे झाली. क्षयाने सुजलेल्या सांध्याचा नियम वयाने झिजलेल्या गुडघ्यालाही लागू होऊन बसला.

या समजुतीला मोठा धक्का दुसऱ्या महायुद्धाने दिला. १९४४ च्या सुमारास शिकागोच्या गार्डिनर जनरल हॉस्पिटलमध्ये जखमी सैनिकांची गर्दी झाली होती आणि त्यांच्या पायांतली ताकद परत यायला फार वेळ लागत होता. तिथले तरुण लष्करी डॉक्टर थॉमस डिलॉर्म लहानपणी संधिज्वराने अंथरुणाला खिळले होते आणि पुढे वजनं उचलून त्यांनी शरीर कमावलं होतं. त्यांनी सैनिकांच्या पायाला लोखंडी बूट बांधून गुडघा सरळ करायला लावला आणि वजन हळूहळू वाढवत नेलं. १९४५ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. आज व्यायामशाळेत आपण ज्याला दहा-दहाचे तीन सेट म्हणतो, त्यामागे डिलॉर्म यांचंच काम आहे.

पण ते गुडघे जखमी तरुणांचे होते. म्हाताऱ्यांच्या झिजलेल्या गुडघ्यांची नीट परीक्षा व्हायला १९९० चं दशक उजाडलं. १९९७ मध्ये अमेरिकेत साठीपुढच्या ४३९ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना चालण्याचा व्यायाम दिला, काहींना वजनांचा, काहींना फक्त आरोग्याची माहिती. १८ महिन्यांनंतर व्यायाम करणाऱ्या दोन्ही गटांचं दुखणं माहितीवाल्यांपेक्षा कमी होतं. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात ४४ चाचण्यांचा हिशेब एकत्र मांडला, तेव्हा शंभराच्या मोजपट्टीवर दुखणं सरासरी १२ गुणांनी उतरलेलं दिसलं.

हा चमत्कार नव्हे. व्यायामाने झिजलेली कूर्चा पुन्हा उगवत नाही, व्यायाम सोडला की फायदा ओसरतो आणि काहींना शेवटी शस्त्रक्रिया लागतेच. पण यामागचं कारण समजण्यासारखं आहे. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांधा दाबला-सुटला की त्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळतं. शिवाय मांडीचा पुढचा स्नायू गुडघ्यावरचा भार पेलतो. दुखतं म्हणून पाय वापरला नाही की तो स्नायू अशक्त होतो, मग भार सांध्यावर येतो आणि जास्त दुखतं. अब्बा दीड वर्ष याच फेऱ्यात होते.

शेवटी एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीने अब्बांना त्यातून बाहेर काढलं. “चाचा, थोडं दुखलं तरी चालेल. दुसऱ्या दिवशी जास्त सुजलं तर मला सांगा,” असं म्हणून तिने सुरुवात केली ती अब्बांच्या नमाजच्या खुर्चीवरूनच. हातांचा आधार न घेता उठायचं, सावकाश बसायचं. पहिल्या आठवड्यात चार वेळा जमलं, दोन महिन्यांनी दहाचे तीन सेट.

सजदा अब्बा अजून खुर्चीवरूनच करतात, गुडघा तेवढा दुमडत नाही. पण फज्रला ते आता पायी जातात, आणि जाताना शेजारच्या हाजीसाहेबांना हाक मारतात. हाजीसाहेबांना अजून आरामाचाच सल्ला आहे.